बिल्ल्याची बिरादरी

आपल्या इतिहासाविषयी लिहायला बसलो की आपली लेखणी सवयीने किल्ल्याकडे वळते, नाहीतर दर्ग्याकडे, आणि तिथून निघाली की थेट दंगलीच्या अहवालापाशी जाऊन थांबते. त्यात बादशहा आहेत, सुफी आहेत, मारले गेलेलेही आहेत. पहाटेच्या अंधारात आगार गाठून मस्टरवर सही करणारा, छातीवर बिल्ला लावलेला खाकीतला माणूस मात्र त्यात नाही. कोकणातून, सोलापूरकडून, मराठवाड्यातून मुंबईला आलेल्या आपल्या कितीतरी कुटुंबांची चूल याच माणसाच्या पगारावर पेटली. भिवंडी-मालेगावच्या मागावरच्या कामगाराविषयी निदान थोडेफार लिहिले गेले. चाकावरच्या कामगाराविषयी आपण फारच कमी लिहिले.

हा इतिहास आम्ही पवईच्या वाटेवरून सांगतो आहोत, त्याला कारण आहे. पवईला स्वतःचे लोकल स्थानक नाही. कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर किंवा अंधेरीला उतरायचे आणि पुढे बस नाहीतर रिक्षा पकडायची. इंग्रजांच्या काळात, १८९० च्या आसपास, इथे तलाव बांधला गेला. १९५८ साली आयआयटी आली, मोठे कारखाने आले, मग हिरानंदानींचे मनोरे उभे राहिले. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या एका बाजूला मरोळचे आगार आणि दुसऱ्या बाजूला विक्रोळीचे. मधल्या साकीनाका, चांदिवली, खैरानी रोड या वस्त्यांमध्ये आपली माणसे दाटीवाटीने राहतात. मनोऱ्यांमधल्या लोकांना कामावर नेणारे आणि परत आणणारे हात पुष्कळदा याच वस्त्यांमधले. म्हणजे पवईत वाहतूक कामगार थांबला की सगळेच थांबते.

सुरुवात मात्र शहरात झाली. मुंबईची पहिली ट्राम ९ मे १८७४ रोजी धावली. एक वाट कुलाब्याहून पायधुणीला आणि दुसरी बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीलाच. दोन्ही वाटा आपल्या मोहल्ल्यांच्या उंबरठ्यावर येऊन मिळत. ट्राम घोडे ओढत. कंपनीच्या तबेल्यात सुमारे ९०० घोडे होते असे इतिहासाच्या पुस्तकांत सापडते, पण त्यांना खरारा करणाऱ्यांची नावे तिथे सापडत नाहीत. मे १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, १५ जुलै १९२६ रोजी बस आली, १९३७ साली दुमजली बस आली.

आमच्या मते खरे वळण ७ ऑगस्ट १९४७ चे आहे. स्वातंत्र्याला आठच दिवस उरले होते. त्या दिवशी खासगी कंपनीची वाहतूक आणि वीज महापालिकेच्या ताब्यात आली आणि 'बेस्ट' हा सार्वजनिक उपक्रम झाला. फाळणीच्या वणव्यात कोण कुठे जाणार, कोण राहणार, याची घराघरांत कुजबूज चालली होती. अशा वेळी इथेच राहायचे ठरवलेल्या मुसलमान कामगाराला भाषणांपेक्षा गरज होती ती नियमाने मिळणाऱ्या नोकरीची, भविष्य निर्वाह निधीच्या खात्याची आणि कोणाच्या मर्जीवर नसलेल्या बिल्ला नंबराची. आगारात माणूस नावापेक्षा नंबराने ओळखला जाई. एरवी नंबराने ओळखले जाणे हा अपमान वाटावा, पण इथे त्याने पुष्कळांना सांभाळले.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. बद्रुद्दीन काझी नावाचा इंदूरचा एक तरुण १९४० च्या दशकात बेस्टच्या बसवर कंडक्टर होता. तिकिटे फाडता फाडता प्रवाशांना हसवण्याची त्याला खोड होती. पुढे बलराज साहनी आणि गुरुदत्त यांच्यामुळे तो सिनेमात गेला आणि जॉनी वॉकर झाला. त्याच्याबरोबर पाळी करणारे बाकीचे बद्रुद्दीन बसवरच राहिले. आमचा लेख त्यांच्याविषयी आहे.

या लोकांची संघटना बांधणारे पुढारी पाहिले तर गंमत वाटते. पाद्री व्हायला निघालेला आणि ते शिक्षण अर्धवट सोडून मुंबईत आलेला मंगळूरचा तरुण जॉर्ज फर्नांडिस गोदी कामगारांचे नेते प्लॅसिड डिमेलो यांच्या हाताखाली तयार झाला. १९५८ साली डिमेलो गेल्यावर त्याने महापालिका, बेस्ट, टॅक्सी अशा सगळ्या आघाड्या बांधल्या, आणि १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना हरवले. त्याच तालमीतले शरद राव १ सप्टेंबर २०१५ रोजी निधन होईपर्यंत महापालिका कामगार, बेस्ट कामगार आणि रिक्षाचालक या तिन्ही संघटनांचे नेते राहिले. पुढारी मंगळूरचा ख्रिस्ती, सभासद रत्नागिरीचा मुसलमान, साताऱ्याचा मराठा, बौद्ध, आगरी, भय्या. वर्गणीच्या पावतीवर जातीचा रकाना नव्हता. व्यासपीठावर आपली माणसे कमीच दिसली, हेही तितकेच खरे.

संघटना म्हणजे नुसता संप, हा मध्यमवर्गाचा गैरसमज आहे. तिचे रोजचे काम घड्याळाशी असते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा आणि पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंतचा पसारा बारा तासांच्या आत असे बंधन घातले. ही शेवटची अट फार महत्त्वाची. सकाळच्या गर्दीला चार तास आणि संध्याकाळच्या गर्दीला चार तास अशी तुटक पाळी लावली तर कागदावर आठच तास होतात, पण दिवस सगळा आगारातच जातो. जोडरस्त्यावर गाडी कोंडीत अडकली, फेरी लांबली, तर वरची मिनिटे कोणाची? संघटनेचा माणूस आगार व्यवस्थापकाच्या टेबलापाशी भांडत असतो तो या मिनिटांसाठी. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा जुना कायदाही त्यांपैकी एकीत विरून गेला.

आणि संघटनेमागे एक जगणे होते. दसऱ्याला गाड्यांना झेंडूचे हार घालताना हार धरायला सगळेच असत. रमजानात संध्याकाळच्या पाळीवर असलेल्याने कोणाशी तरी पाळी बदलून घ्यायची आणि गणपतीत त्याची परतफेड करायची, हा अलिखित करार कोणत्याही सलोखा समितीने शिकवला नव्हता. कॅन्टीनचा चहा, आगाराचे नाटक, क्रिकेटचा संघ, वसाहतीतली दोन खोल्यांची घरे, पतपेढी. दूरच्या गावाहून आलेल्याला हीच जमात. पण याचे फार गोडवेही गाऊ नयेत. १९९२-९३ साली शहर पेटले तेव्हा आगारातला सलोखा वस्तीपर्यंत पोचला नाही. २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपर स्थानकाबाहेर बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला. त्या प्रकरणात पकडलेला परभणीचा तरुण अभियंता ख्वाजा युनूस घरी परतला नाही, आणि त्याच्या कोठडीतल्या मृत्यूचा खटला दोन दशके रेंगाळला. बस आपल्या लेखनात आली ती अशी, आरोपपत्रातून.

आता रिक्षा. मुंबईत ती फक्त उपनगरांत चालते, वांद्रे-शीवच्या पलीकडे तिला मज्जाव. रिक्षावाला कायद्याने कोणाचा कामगार नाही. गाडी स्वतःची असेल तर तो मालक, भाड्याची असेल तर दिवसाचे पैसे चुकते केल्यावर उरेल ते त्याचे. म्हणून त्याच्या संघटनेचे भांडण पगाराशी नसते, मीटरशी असते. २०१२ साली हकीम समितीने इंधन, देखभाल, महागाई यांचा हिशेब मांडून भाडे ठरवण्याचे सूत्र दिले आणि त्याच ऑक्टोबरात किमान भाडे १२ वरून १५ रुपये झाले. फेब्रुवारी २०२५ पासून ते २६ झाले. प्रवाशाला प्रत्येक वाढ म्हणजे लूट वाटते. सीएनजीच्या रांगेत गेलेले तास मीटरवर दिसत नाहीत.

रिक्षाची दुसरी गोष्ट भाषेची. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून रिक्षाच्या परवान्याला मराठीची अट घातली. मार्च २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. या वादात आपली स्थिती चमत्कारिक होती. परप्रांतीय विरुद्ध मराठी असा सामना रंगला असताना पाटीवर शेख किंवा मुलाणी नाव असलेला, घरात मराठी बोलणारा चालक कोणाच्याच हिशेबात नव्हता. नाव वाचताच प्रवासी आपोआप हिंदीवर येतो, हा अनुभव तर आपल्यापैकी कोणाला नाही? भाषेची परीक्षा पास झालेलाही नावाच्या परीक्षेत अडकतो.

बेस्टचा पाया हलला तो मात्र हिशेबाच्या वहीतून. २००७ पासून भरती झालेल्यांना खालच्या श्रेणीत घातले गेले. काम तेच, गाडी तीच, पगार वेगळा. हा सल १२ वर्षे साचला आणि ८ जानेवारी २०१९ रोजी शरद रावांचे चिरंजीव शशांक राव यांच्या नेतृत्वाखाली संप झाला. कनिष्ठ श्रेणीचा प्रश्न, बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेत विलीन करणे, घरे या मागण्या होत्या. सरकारने मेस्मा लावला. भोईवाड्याच्या वसाहतीत घरे रिकामी करण्याच्या नोटिसा गेल्या, तेव्हा कामगारांच्या बायका रस्त्यावर आल्या. घर हा या माणसाचा सर्वांत हळवा भाग असतो हे प्रशासनाला बरोबर ठाऊक होते. नवव्या दिवशी, १६ जानेवारीला, उच्च न्यायालयात तोडगा निघाला. निवृत्त न्यायमूर्ती फर्डिनो रिबेलो मध्यस्थ नेमले गेले आणि कनिष्ठांना दहा वेतनवाढी कबूल झाल्या. बेस्टच्या इतिहासातला हा सर्वांत लांबलेला संप.

जिंकलेल्या संपानंतर पाच महिन्यांतच संघटनेने भाडेतत्त्वावरच्या गाड्यांना संमती दिली. बदल्यात स्वतःच्या ३,३३७ गाड्या कायम ठेवण्याचे आश्वासन मिळाले. आमच्या दृष्टीने हीच या इतिहासातली सर्वांत महाग सही. या पद्धतीत गाडी कंत्राटदाराची, चालक त्याचा, देखभाल त्याची, आणि बेस्ट किलोमीटरमागे पैसे मोजते. रंग तोच, पाटी तीच, पण चालकाचा मालक वेगळा. २०१९ च्या जुलैत किमान तिकीट पाच रुपये झाले, लोक खूश झाले. २०२५ पर्यंत स्वतःच्या गाड्या हजाराच्याही खाली आल्या, आणि ९ मे २०२५ रोजी, म्हणजे पहिल्या ट्रामच्याच तारखेला, तिकीट दुप्पट झाले.

कंत्राटी चालकांचा भडका उडाला तो आपल्याच उपनगरांत. २ ऑगस्ट २०२३ रोजी घाटकोपर आणि मुलुंडच्या आगारांतून त्यांनी काम बंद केले, आणि ते लोण शहरभर पसरले. मागणी साधी होती, वाढीव पगार आणि बेस्टच्या कामगारांसारख्या सवलती. आठवडाभराने मुख्यमंत्र्यांच्या आश्वासनावर ते परतले. पुढच्याच महिन्यात, १५ सप्टेंबरला, डिझेलवरची शेवटची दुमजली बस अंधेरी-सीप्झ मार्गावर सजवून निरोपाला निघाली. तिचे फोटो काढायला पुष्कळ गर्दी होती. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला ३३२ क्रमांकाच्या भाड्याच्या विजेवरील बसने एस. जी. बर्वे मार्गावर माणसे आणि वाहने चिरडली. सातहून अधिक माणसे गेली, त्यात आपल्या वस्तीतलीही होती. विजेची मोठी गाडी हाती देण्यापूर्वी चालकाला किती दिवस शिकवले होते, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनी विचारला. जुन्या आगारात तो प्रश्न संघटनेने आधी विचारला असता.

ऑगस्ट २०२५ मध्ये बेस्ट कामगारांच्या पतपेढीची निवडणूक झाली. २१ पैकी १४ जागा शशांक रावांच्या गटाला मिळाल्या आणि ठाकरे बंधूंच्या एकत्रित गटाला एकही नाही. वर्तमानपत्रांत दोन दिवस फक्त ठाकरेंच्या पराभवाची चर्चा होती. पतपेढी कशासाठी असते ते कोणी छापले नाही. मुलीच्या निकाहासाठी, गावच्या घराच्या कौलांसाठी, पोराच्या डिप्लोमाच्या फीसाठी पगारातून हप्ता कापून देणारी ती पेढी, आणि तिचे सभासद म्हणजे बेस्टचे स्वतःचे कामगार. कुर्ल्याच्या त्या बसचा चालक तिचा सभासद होऊ शकत नव्हता.