परदेशातली चर्च कॉफी का विकतात? यात दान किती आणि दाम किती?

महाराष्ट्रात कॉफी पिकते म्हटलं की अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याचं नाव निघतं. पण वऱ्हाडचं मुख्य नगदी पीक कापूस. भाव पडला की घरात काय होतं, हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जगभरातल्या छोट्या कॉफी शेतकऱ्यांचंही दुखणं तेच आहे. त्यावरचा एक उपाय चर्चच्या वर्तुळातून पुढे आला.

हा प्रकार काय आहे?

युरोप-अमेरिकेतल्या अनेक चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेनंतर टेबल मांडून ‘फेअरट्रेड’ कॉफीची पाकिटं विकतात. विक्रीतून उरलेले पैसे बऱ्याचदा परदेशातल्या मदतकार्याला जातात.

सुरुवात कशी झाली?

फ्रान्स फान देर होफ हे डच धर्मगुरू मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात आदिवासी कॉफी उत्पादकांसोबत काम करत होते. या शेतकऱ्यांना देणगी नको होती, मालाला रास्त भाव हवा होता. मग फान देर होफ आणि ‘सॉलिडारिडाड’ या चर्चशी जोडलेल्या डच संस्थेचे निको रोझेन यांनी १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘माक्स हावेलार’ हा शिक्का सुरू केला. हे नाव १८६० च्या एका डच कादंबरीवरून घेतलं होतं. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कॉफी करारातली कोटा पद्धत मोडली आणि जगभर भाव कोसळले. अमेरिकेत १९९६ पासून ‘इक्वल एक्स्चेंज’ आणि ‘लूथरन वर्ल्ड रिलीफ’ यांनी मिळून अशी कॉफी चर्चपर्यंत पोचवली.

भाव कसा ठरतो?

आपल्या हमीभावासारखाच. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. फेअरट्रेडमध्ये धुतलेल्या अरेबिका कॉफीचा किमान भाव ऑगस्ट २०२३ पासून पौंडाला, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅमला, १.८० डॉलर आहे. बाजारभाव याहून जास्त असेल, तर तो द्यावा लागतो. शिवाय पौंडामागे २० सेंट प्रीमियम मिळतो. शाळा, रस्ता की गोदाम, तो कशावर खर्च करायचा हे सहकारी संस्थेचे सभासद ठरवतात.

मात्र हा निर्यातीचा भाव आहे आणि तो संस्थेला मिळतो. प्रक्रिया, वाहतूक वगैरे खर्च वजा झाल्यावर उरेल ते शेतकऱ्याच्या हातात पडतं.

मग दान कोणतं?

पाकिटाच्या किमतीत तीन वेगळे पैसे असतात. मालाचा भाव हे शेतकऱ्याच्या कष्टाचं दाम. प्रीमियम हा गावाच्या सामायिक कामांसाठीचा पैसा. चर्चला विक्रीतून उरतं आणि मदतकार्याला जातं, तेवढंच दान. त्या दानाचा लाभ कॉफी पिकवणाऱ्यालाच होईल असं नाही.

अडचण कुठे आहे?

खरेदी केंद्र उघडलं नाही, तर हमीभाव कागदावरच राहतो. इथंही तसंच. प्रमाणपत्र असलं तरी गिऱ्हाईक नसेल तर संस्थेला तोच माल साध्या बाजारभावाने विकावा लागतो. आणि विकणारेही टिकतातच असं नाही. ब्रिटनमध्ये १९७९ मध्ये ख्रिस्ती प्रेरणेतून उभी राहिलेली आणि चर्चमधल्या स्वयंसेवकांमार्फत माल विकणारी ‘ट्रेडक्राफ्ट’ कंपनी २०२३ मध्ये बंद पडली.

म्हणून असं पाकीट घेताना दोन प्रश्न विचारावेत. पिकवणाऱ्याला किती भाव मिळाला? आणि विक्रीतून उरलेला पैसा कुणाला गेला? पहिल्याचं उत्तर समाधानकारक नसेल, तर दुसऱ्याचं कितीही चांगलं असलं तरी पिकवणाऱ्याचं नुकसान भरून निघत नाही.