'चक्र'मधल्या अम्माचं गाव

जयवंत दळवींची 'चक्र' ही कादंबरी १९६३ची. तिच्यावरचा रवींद्र धर्मराज यांचा हिंदी चित्रपट १९८१चा. मधल्या अठरा वर्षांत मुंबईची झोपडपट्टी बदलली, तिथं येणारी माणसं बदलली. चित्रपटाला मात्र या बदलाची फारशी खबर नाही, असं मला वाटतं.

'चक्र'बद्दल बोलणं निघालं की स्मिता पाटील यांचा अभिनय आणि ते अंघोळीचं पोस्टर, याच दोन गोष्टी निघतात. अभिनयाबद्दल वाद नाही. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. लोकार्नो महोत्सवातही चित्रपट गौरवला गेला. पोस्टरनं त्याचं नुकसान केलं, हेही खरं. माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो मला सुचला माझ्या चुलतीमुळे.

चुलता-चुलती बहात्तरच्या दुष्काळात बिडकीनहून मुंबईला गेले. आधी पैठण रस्त्याकडच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलो ज्वारीच्या भाकरी गिळल्या. मग बैल विकले आणि गोवंडीच्या बाजूला झोपडं टाकलं. आता ती म्हातारपणी गावी परतली आहे. तीन वर्षांपूर्वी मी तिला 'चक्र' दाखवला. शेवटपर्यंत पाहिला आणि एवढंच म्हणाली, "हिच्याकडं गावाकडून कुणीच कसं येत नाही रं?"

प्रश्न साधा आहे, पण चित्रपटाची गाठ तिथंच आहे. पडद्यावरची अम्मा मुंबईत येते, कारण तिच्यावर हात टाकणाऱ्या सावकाराचा तिच्या नवऱ्यानं खून केलेला असतो. पुढं झोपडीसाठी पत्रा चोरताना नवरा मारला जातो. एका पत्र्याला जीव लागतो, हे चित्रपटानं नेमकं पकडलं आहे. पण खून झाला म्हणून पळालेल्या माणसाला परत जायला वाटच उरत नाही. गाव पहिल्या काही मिनिटांत संपतं. मग उरतात अम्मा, बेन्वा, लुका, ट्रक चालवणारा अण्णा आणि शेवटी बुलडोझर.

खरोखर आलेल्या माणसांची नोंद पाहायची तर १० जुलै १९८५चा सर्वोच्च न्यायालयाचा ऑल्गा टेलिस खटल्यातला निकाल वाचावा. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेला. त्यातला एक अर्जदार संगमनेरचा. गावात चांभारकाम करून दिवसाला सात-आठ रुपये मिळवणारा. गावचं घर पडलं म्हणून १९६९ला मुंबईत आला, बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवरच्या जागेसाठी गुंडाला ३०० रुपये दिले, बांबू आणि प्लॅस्टिकला ७००. महिन्याची कमाई ३५० रुपये. दुसरा तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर, दुष्काळानं काम गेलेला. या दोघांच्या येण्यात सावकाराचा खून नाही. पडलेलं घर आहे, न पडलेला पाऊस आहे. अशा कारणानं आलेला माणूस गाव तोडून येत नाही. माझी चुलती दर वर्षी काढणीला बिडकीनला येई आणि जाताना बाजरीचं पोतं एस.टी.च्या टपावर टाकी.

१३ जुलै १९८१ला मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना हटवून आपापल्या गावी धाडण्याची घोषणा केली. दहा दिवसांनी त्या सेलमच्या मजुराचं झोपडं पाडलं, त्याला बसमध्ये घातलं. बायको-मुली सेलमलाच राहिल्या, तो मात्र परत आला. 'चक्र'ही त्याच वर्षीचा! सरकारला ही माणसं गावाची वाटत होती. चित्रपटाला ती झोपडपट्टीचीच वाटली. दोघांचंही अर्धंच.

आणखी एक गोष्ट. १९७६च्या जानेवारीत मुंबईतल्या झोपड्यांची गणती झाली, फोटोपास मिळाले. चुलतीच्या ट्रंकेत तिचा पास अजून आहे, लग्नातल्या शालूच्या घडीत. त्या कागदानं झोपडीतलं भांडण बदललं, बायकांचं वजन बदललं. पुढं न्यायालयानंही गणतीत नोंदलेल्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितली. दळवींना १९६३ला हे दिसणं शक्यच नव्हतं. धर्मराज यांना शक्य होतं. बन्सी चंद्रगुप्त यांच्यासारखा कलादिग्दर्शक हाताशी असताना त्यांनी पत्रा, गटार, चिखल सगळं अचूक आणलं, पण कथेत या कागदाला जागा दिली नाही. म्हणून त्यांची अम्मा सोसते भरपूर, हिशेब मात्र करताना दिसत नाही. मी पाहिलेल्या त्या पिढीच्या बायका दिवसभर हिशेबच करत.

धर्मराज यांचा हा एकच कथापट. त्याच वर्षी ते गेले. दुसरा केला असता तर काय केलं असतं, कुणी सांगावं.

इकडे बिडकीनमध्ये औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेल्या आणि कामाला परप्रांतातली पोरं आली. आमच्या शेजारच्या पत्र्याच्या खोलीत बिहारची चौघं राहतात. चुलतीला हिंदी मुंबईनं शिकवलेलं. परवा ओसरीवरून त्यातल्या एकाला विचारत होती, "गाव कब जाता रे?" तो म्हणाला, छठला. घरी कोण कोण आहे, शेत किती, भात कधी कापता, सगळं विचारून झालं तेव्हा दिवेलागण झाली होती.