मुक्तिसंग्राम आमचाही, पण मुक्ती कुणाची?

दरवर्षी 1 जानेवारीला आम्ही लेकराबाळांसह भीमा कोरेगावला जातो. 6 डिसेंबरला चैत्यभूमी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी. पण ज्या जिल्ह्यात आम्ही राहतो, त्या हिंगोली जिल्ह्यातील निजामविरोधी लढ्याच्या जागा मुलांना कधी दाखवल्याच नव्हत्या. म्हणून यंदा 17 सप्टेंबरला घरातील सगळे निघालो. आधी वसमत तालुक्यातील वापटी, म्हणजे हुतात्मा बहिर्जी शिंदे यांचे गाव. मग हिंगोलीवरून सेनगाव तालुक्यातील आजेगाव. तिथल्या लढ्यात बहिर्जी शहीद झाले. वसमतच्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे.

वाटेत मुलांना इतिहास सांगत होतो. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, पण परभणी, नांदेड, बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद हे मराठी जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात अडकले. हिंगोली तेव्हा परभणीत होती, स्वतंत्र जिल्हा झाला 1999 मध्ये. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात उमरखेडसारख्या ठिकाणी सशस्त्र कॅम्प होते. नदी ओलांडून तरुण यायचे, ठाण्यांवर, नाक्यांवर हल्ले करायचे. अखेर 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा शिरल्या आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

स्मारकासमोर हात जोडून झाल्यावर आमच्या लेकीने विचारले, "बाबा, यात आपलं कोण होतं?"

या प्रश्नाला आमच्या चळवळीत एक तयार उत्तर आहे : "ती सवर्णांची लढाई होती, आपल्याला काय त्याचे?" आम्हाला हे उत्तर मान्य नाही. निजामाच्या राज्यात जहागीरदार, देशमुख, पाटील यांच्या दारात वेठ कुणी केली? आमची आजी सांगायची, महारवाड्याला दोन्हीकडून मार होता. दिवसा रझाकार विचारायचे, रात्री कोण आले होते? रात्री लढणारे विचारायचे, दिवसा काय सांगितले? भाकरी मात्र दोघांनाही द्यावी लागायची. अशा माणसाचे नाव शिलालेखावर कसे येणार?

बाबासाहेबांची भूमिका तर स्पष्ट होती. बी. एस. व्यंकटराव यांच्यासारखे अस्पृश्य पुढारी निजामाच्या सरकारात मंत्री झाले, त्याच काळात म्हणजे नोव्हेंबर 1947 मध्ये बाबासाहेबांनी निवेदन काढून बजावले, की अस्पृश्यांनी निजामाची बाजू घेऊ नये. म्हणजे विलीनीकरण ही आमचीही बाजू होती. ती आम्ही सोडून का द्यायची?

दुसरे उत्तर मनुवाद्यांचे : "हा हिंदू-मुसलमान लढा होता." हेही खोटे. विलीनीकरणाच्या बाजूने लिहिले म्हणून रझाकारांनी ऑगस्ट 1948 मध्ये 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना ठार मारले. ते मुसलमानच होते. आणि पोलीस कारवाईनंतर हजारो निरपराध मुसलमान मारले गेले, असे सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने नोंदवले. लढा सरंजामशाहीशी होता. तो धर्माचा केला की देशमुख-जहागीरदार आपोआप सुटतात.

तिसरे उत्तर सरकारी भाषणातले : "17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्त झाला." अर्धे खरे. निजाम गेला म्हणूनच 1950 मध्ये बाबासाहेबांना औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय काढता आले, त्यालाच पुढे मिलिंद हे नाव मिळाले. आमच्या घरातील पहिला पदवीधर तिथलाच. 1949 मध्ये जहागिरी रद्द झाल्या. पण जमीन? ती भूमिहीनाला मिळाली नाही, म्हणून 1953 मध्ये मराठवाड्यात गायरानासाठी सत्याग्रह करावा लागला. आणि 27 जुलै 1978 ला विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव करताच याच 'मुक्त' मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना जिवे मारले. ते रझाकारांनी केले नव्हते. निजाम जाऊन तीस वर्षे झाली होती. नामविस्तारासाठी 14 जानेवारी 1994 उजाडावे लागले.

म्हणून लेकीला आम्ही सांगितले : "बहिर्जी आपलेच. निजामाविरुद्ध लढणारा प्रत्येक जण आपला. पण त्यांच्या लढाईने एक राजा गेला. गावाच्या वेशीवरची भिंत पाडायची लढाई वेगळी, तिचे हुतात्मे पोचिराम कांबळे, गौतम वाघमारे. पुढच्या वर्षी त्यांच्याही गावी जाऊ."

बांधवांनो, या 17 सप्टेंबरला स्मारकावर जा. लेकरांना सोबत न्या. आजी-आजोबा असतील तर आजच त्यांना विचारा, वेठीला कोण होते, भाकरी कुणी नेली, नाव काय होते. वहीत लिहून ठेवा. आम्ही आजीला कधी नावे विचारली नाहीत. आता ती नाही.

जय भीम!