ईद-ए-मिलाद : काय करावं, काय टाळावं

रबी-उल-अव्वल हा हिजरी सनाचा तिसरा महिना. त्याच्या 12 तारखेला आपल्याकडे ईद-ए-मिलादुन्नबी, म्हणजे प्रेषित मुहम्मद (स.) यांचा जन्मदिन मानतात. घरातली जुनी माणसं याच दिवसाला 'बारा वफात' म्हणायची, कारण हुजूर (स.) यांचं निधनही याच महिन्यातलं. जन्माची तारीख सगळे इतिहासकार एकच देत नाहीत. कुणी 8 सांगतं, कुणी 9, तर बहुतेक 12. वार मात्र सोमवार, यात वाद नाही.

हा दिवस साजरा करावा की नाही, यावर उलेमांमध्ये जुना मतभेद आहे. हुजूर (स.) आणि सहाबांच्या काळात असा सोहळा नव्हता. पुढे इजिप्तच्या फातिमी दरबारात तो दिसतो आणि तेराव्या शतकाच्या सुरुवातीला इराकमधल्या इर्बिलचा अमीर मुजफ्फरुद्दीन याने तो मोठ्या थाटात केला. इमाम सुयुती यांनी बाजूने रिसाला लिहिला, ताजुद्दीन फाकिहानी यांनी विरोधात. आजही बरेलवी जमात मिलाद करते. देवबंदी आणि अहले हदीस त्या दिवसाला ईद मानत नाहीत. गंगापूर रोडसारख्या भागात आपली घरं आधीच विखुरलेली. त्यात 'तुम्ही बिदअती', 'तुम्ही गुस्ताख' असं एकमेकांना ऐकवण्यात काय मिळतं?

दोन्ही बाजूंना मान्य असलेली एक गोष्ट आहे. सोमवारच्या रोज्याबद्दल विचारलं तेव्हा हुजूर (स.) यांनी सांगितलं की त्या दिवशी माझा जन्म झाला. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. जन्माची आठवण त्यांनी स्वतः रोजा ठेवून केली, तीही वर्षातून एकदा नाही.

आता जुलूस. जुन्या नाशकात तो चौक मंडईकडून निघून बडी दर्ग्याकडे जातो आणि आपल्या रोडवरची मुलंही अशोक स्तंभावरून बाईक घेऊन तिकडे पोहोचतात. दरूद, नात, अत्तर, सरबत, इथपर्यंत मिलाद मानणाऱ्या आलिमांची हरकत नाही. पण डीजेच्या तालावर नाचणं, लेझर लाइट, सायलेन्सर काढलेली बाईक, एका गाडीवर तिघं, याला कुठलाही मसलक परवानगी देत नाही. बुखारी आणि मुस्लिम दोन्हीत रस्त्याच्या हक्काची हदीस आहे : नजर खाली ठेवा, कुणाला त्रास देऊ नका, सलामाला उत्तर द्या. जुलूसमध्ये जोहर, असर निघून गेली तर मग फर्ज सोडून आपण केलं काय? वर्गात हुजूरांच्या आईचं नाव विचारलं की चारच हात वर येतात. डीजेचं नाव मात्र सगळ्यांना पाठ!

कायदाही बघा. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. दवाखाना, शाळा, कोर्टाच्या शांतता क्षेत्रात 50 आणि 40. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद. सप्टेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटलं, की गणेशोत्सवात जो आवाज हानिकारक, तो ईदलाही हानिकारकच.

जुलूसची तारीख काही फर्ज नाही. 2023 मध्ये 28 सप्टेंबरला ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली, तेव्हा मुंबईच्या खिलाफत कमिटीने जुलूस 29 ला घेतला. सरकारनेही सुट्टी त्या दिवशी केली. कुणाच्या इमानात काही कमी झालं नाही.

घरी करण्यासारखं बरंच आहे. मगरिबनंतर अर्धा तास टीव्ही बंद ठेवून मुलांना सीरतचा एक प्रसंग सांगा, उर्दू येत नसेल तर मराठीत. ताईफचा दगडफेकीचा किस्सा आठवीतल्या मुलालाही हलवतो. नियाज शेजाऱ्यांकडे द्या, हिंदू शेजाऱ्यांकडेही, पण शाकाहारी घरात काय चालतं ते विचारून. ट्रकवरून पाकिटं फेकू नका. अन्न पायाखाली येतं आणि लहान मुलं चाकाजवळ जातात.

झेंडे आणि बॅनर लावताना काढणार कोण, हे आधीच ठरवा. त्यावर अल्लाह आणि रसूल (स.) यांची नावं असतात. आठवड्यानंतर ते गटारीत पडलेले दिसतात. दुसऱ्या दिवशी फजरनंतर उतरवावेत, घडी करून पुढच्या वर्षासाठी ठेवावेत. फाटलेले असतील तर मशिदीत जीर्ण पानांसाठी ठेवलेल्या पेटीत द्यावेत.