मंत्रचळ

मंत्रचळ (ओसीडी) : नको असलेला विचार, शंका किंवा चित्र मनात वारंवार घुसणे आणि त्यातून उठणारी अस्वस्थता शमवण्यासाठी तीच ती कृती करत राहावी लागणे, असे स्वरूप असलेला मनोविकार. ही कृती हात धुणे, कुलूप ओढून पाहणे अशी उघड असते, किंवा आकडे मोजणे, जप करणे अशी मनातल्या मनात चालणारी. गॅस बंद असल्याचे डोळ्यांना दिसते, पण खात्री पटत नाही. पुन्हा पाहिले की घटकाभर सुटल्यासारखे वाटते आणि त्या सुटकेमुळेच पुढची शंका बळावते.

नीटनेटक्या माणसाला आवराआवरीत समाधान मिळते. रुग्णाला मात्र आपला अतिरेक बहुधा कळत असतो, तरी थांबता येत नाही. आपल्या घरांत सोवळ्याच्या नावाखाली हा आजार वर्षानुवर्षे खपून जातो. देवाविषयीचे अभद्र विचार, लैंगिक विचार, पोटच्या बाळाला इजा करण्याचे विचार तर त्याहून लपून राहतात. रुग्णाला त्यांची किळस आणि भीती वाटते; तशी त्याची इच्छा नसते.

आजार बहुधा बालपणी किंवा विशीच्या आसपास सुरू होतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५–१६) भारतीय प्रौढांत त्याचे प्रमाण सुमारे ०.८ टक्के आढळले. आनुवंशिकतेचा वाटा असतो.

विचार-कृतींत रोज तासाभराहून अधिक वेळ जाऊ लागला, शाळा किंवा नोकरी अडली, हातांची कातडी सोलवटली, घरच्यांनाही धुण्या-तपासण्यात ओढले जाऊ लागले, की मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. आत्महत्येचे विचार असतील तर त्याच दिवशी. निदान रक्ततपासणीने किंवा स्कॅनने होत नाही, मोकळ्या बोलण्यातून होते; तीव्रता मोजायला दहा प्रश्नांची येल-ब्राउन श्रेणी वापरतात.

भीतीला सामोरे जायचे, पण नेहमीची कृती करायची नाही, ही उपचारपद्धती व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये मांडली. आजही ती मुख्य आधार आहे. जोडीला फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारखी औषधे देतात. ती नैराश्यावरही देतात, पण इथे मात्रा अनेकदा त्याहून जास्त लागते आणि गुण दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. पंधरवड्यातच ‘फरक नाही’ म्हणून गोळ्या सोडणारे पुष्कळ. ‘झालाय रे स्वच्छ’ अशी दर वेळी दिलेली ग्वाही आजाराला खतपाणी घालते, म्हणून घरच्यांनीही तज्ज्ञांशी बोलावे. टेली-मानस (१४४१६) या सरकारी दूरध्वनीसेवेवर मराठीतही सल्ला मिळतो.