सेवाग्रामची माती : देवी प्रसाद

नई तालीम म्हटलं की आपल्याला टकळी आठवते, कुंभाराचं चाक आठवत नाही. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ साली कलाशिक्षक म्हणून सेवाग्रामला आले. मुलांच्या हस्तोद्योगातून शाळेचा खर्च निघावा, अशी गांधीजींची अपेक्षा होती. मग विकता न येणारं, वेडंवाकडं मातीचं भांडं कशासाठी? कला हाच शिक्षणाचा पाया, ही देवी प्रसादांची भूमिका. ओली माती पुन्हा मळता येते. मूल न घाबरता चुकतं आणि शिकतं. १९६२ साली ते युद्धविरोधी चळवळीसाठी लंडनला गेले, तरी मातीकाम सुटलं नाही. आणि आपण? परीक्षा जवळ आली की पहिल्यांदा चित्रकलेचाच तास कापतो!