एक उपकरण, दोन मुले

दोन वर्षांपूर्वी सातवीच्या मुलांना घेऊन मी शाळेमागच्या टेकडीवर गेलो होतो. प्रत्येकाच्या हातात टॅब. झाडाचा फोटो काढायचा, नाव शोधायचे, माहिती भरायची. तासभर टेकडीवर अशी शांतता, की मीच चरकलो. मुले एकमेकांशी बोलतच नव्हती. चूक त्यांची नव्हे; बेत आखताना मीच त्यांना सुटे पाडले होते.

मग मी जुने लेखन चाळू लागलो. १९७२ साली अॅलन के या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने मुलांच्या संगणकावर एक निबंध लिहिला. संगणक अजून घरात यायचे होते. के मात्र वहीएवढ्या ‘डायनाबुक’चे चित्र रंगवत होता. गंमत म्हणजे त्याची गोष्ट वर्गात सुरू होत नाही. बेथ आणि जिमी ही नऊ वर्षांची मुले बागेत हिरवळीवर पडून, आपापले संच एकमेकांना जोडून अंतराळयानांचा खेळ खेळत असतात. खऱ्या अंतराळात सूर्याची ओढ असणार, ती खेळात कशी आणायची, यावरून दोघांची जुंपते आणि गाडी गुरुत्वाकर्षणावर येते. केच्या मनातले ते यंत्र तसेच्या तसे कधी झाले नाही.

झाडीत खरा प्रयोग झाला तो तीस वर्षांनी, इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यात. यव्होन रॉजर्स, सारा प्राइस आणि सहकाऱ्यांचा ‘अँबियंट वुड’. अकरा-बारा वर्षांची मुले जोडीजोडीने रानात सोडली. उजेड आणि ओलावा मोजणारी दांडी एकाच्या हाती, तिचे मोजमाप दाखवणारा छोटा पडदा दुसऱ्याच्या. साहजिकच एकाने विचारायचे, दुसऱ्याने सांगायचे. पडद्यावर आकड्यांऐवजी कमी-जास्त दाखवणारी चित्रे असत. दूरच्यांशी बोलायला वॉकीटॉकी होते. नंतर सगळ्या जोड्या एकत्र बसून मोकळी जागा आणि दाट झाडी यांतला फरक पडताळून पाहत.

सगळेच जमले असे नाही. झाडीत दडवलेल्या ध्वनिक्षेपकांतले आवाज रमलेल्या मुलांच्या कानांवरून तसेच गेले. मग संशोधकांनी मुलांच्याच हाती कर्णा दिला. बटण दाबले की मुळांनी पाणी शोषल्याचा आवाज. ऐकायचे केव्हा, हे मुले ठरवणार. मला यातला हाच भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

एवढा सरंजाम आपल्याला कुठला परवडायला! पण मातीचा ओलावा पाहायचे साधे यंत्र आता रोपवाटिकेतही मिळते. यंदा टॅब कपाटात ठेवले आणि तशी पाच यंत्रे नेली. एक खुपसणार, दुसरा काट्याकडे बघून वहीत टिपणार. उंबराखाली दोघींचे भांडण लागले. एक म्हणे, काटा ओले दाखवतो. दुसरीने मूठभर माती उचलून तिच्या नाकाशी धरली.